हातमोजे चार वाजता जमा

सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

ही वही कंपनीने दिली. मुखपृष्ठावर कंपनीचं चिन्ह आणि खाली चार शब्द: आदर, सचोटी, सुरक्षा, आपुलकी. आज दिवसभर त्याचंच शिबिर होतं. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून सेजल मॅडम आल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील, पण बोलतात छान. म्हणाल्या, मूल्यं भिंतीवर टांगून उपयोग नाही, ती रोजच्या वागण्यात दिसली पाहिजेत. म्हणून प्रत्येकाने रोज संध्याकाळी लिहायचं, आज मी कोणतं मूल्य जगले. वही खाजगी, कुणी वाचणार नाही.

परतीच्या बसमध्ये बाकीच्यांनी आपापल्या वह्या मुलांना द्यायचं ठरवून टाकलं. मी लिहिणार आहे. बारा वर्षं मी या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. हजेरी, रजा, ओळखपत्रं, प्रशिक्षणाची रजिस्टरं. दिवसभरात तू काय केलंस, असं मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

शिबिराच्या शेवटी केक होता, त्यावर चारही मूल्यं क्रीमने लिहिलेली. आमचे प्लांट हेड हर्षद सर यांनी 'आदर'वरून सुरी फिरवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला 'सुर' एवढा तुकडा मिळाला. उरलेलं सर म्हणाले, कंत्राटातल्या बायकांना द्या. तोपर्यंत त्या केकमध्ये सगळ्यांची बोटं फिरून गेली होती, कुणीतरी त्यात वापरलेला चमचाही खुपसून ठेवलेला. तो ट्रे मी मागच्या बाजूला घेऊन गेले. त्यांच्यातल्या रखमाने तो दोन्ही हातांनी घेतला. तिची बोटं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी, आणि तळव्याचं कातडं सोललेल्या बटाट्यासारखं निघालेलं. माझा तुकडा मी कचऱ्यात टाकला.

आजचं मूल्य: आपुलकी. केक बायकांपर्यंत पोचवला.

गुरुवार, २६ सप्टेंबर

पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. सुरक्षा प्रशिक्षणाचं रजिस्टर जानेवारीपासून कोरं. आम्ही रंगासाठी लागणारी पावडर बनवतो. ती ज्या फिल्टरमधून गाळतात त्याची कापडं कंत्राटातल्या अकरा बायका हौदावर धुतात. त्यांना दर महिन्याला एक तास प्रशिक्षण द्यायचं असतं. वेळ कुणाला आहे. दरवर्षीप्रमाणे मी बायकांना ओळीने बोलावलं आणि कोऱ्या पानांवर अंगठे घेतले. वरचा मजकूर आणि तारखा नंतर भरते. सगळ्या कंपन्यांत असंच असतं, त्यात फसवाफसवी अशी नाही.

रखमाचा अंगठा काही उठेना. तीनदा घेतला, तिन्ही वेळा नुसता निळा डाग, रेघाच नाहीत. मी तिचं बोट टिश्यू पेपरने धरलं होतं, कारण ते ओलसर होतं.

"रेशनच्या मशीनवर पन उठत नाय मॅडम," ती म्हणाली. "दुकानवाला म्हनतो, घरातलं दुसरं मानूस घेऊन ये. दुसरं कोन आनू?"

रखमा तळीयेची. दरडीत तिचा नवरा आणि सासू गेली. स्वागतकक्षात आमच्या कंपनीचा एक मोठा फोटो आहे, कंपनी दरडग्रस्तांना ब्लँकेट वाटते आहे त्याचा. ब्लँकेट घेणारी बाई म्हणजे रखमा. त्यानंतरच कंत्राटदार कोंडाजीशेठने तिला कामाला आणलं. हे सांगून मी सेजल मॅडमना सोमवारी फोटो दाखवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

आजचं मूल्य: सचोटी. काम वेळेत पुरं केलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

उद्या दसरा, म्हणून आजच यंत्रांची पूजा झाली. पंपाला, बॉयलरला झेंडूचे हार. हौदाला कुणी हार घातला नाही. बायकांनी स्वतःच दोन फुलं ठेवली.

मूल्य मोहिमेत गेटजवळ 'मनमोकळं' नावाची पेटी लावली आहे. तक्रार लिहायची, नाव लिहायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत रखमा माझ्याकडे आली. दाराबाहेर उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"मॅडम, त्या पेटीत आमचं पन टाकता येतं का?"

"सगळ्यांचं टाकता येतं."

"मंग मला लिहून द्या. म्हनावं, हातमोजे पायजेत. जाड, कोपरापातूर. मागच्या वर्साला दिलेले ते आठ दिवसांत फाटले. हातांची आग होते. भाकरीचं पीठ मळता येत नाय."

मी लिहून दिलं, माझ्याच अक्षरात, नाव न घालता. चिठ्ठी घडी करून तिनेच टाकली. पेटीची फट उंचावर आहे, टाचा उंच करून टाकली. बरं वाटलं. हीच तर मूल्यं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

पेटी उघडली. एकच चिठ्ठी निघाली. हर्षद सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला.

"अक्षर तुमचं दिसतंय, शर्मिला."

मी कप खाली ठेवला.

"घाबरू नका. उलट मला आनंद झाला, कुणीतरी बोललं. फक्त कुणाचं आहे ते कळलं, तर त्या बाईसाठी काहीतरी करता येईल. निनावी माणसाला मदत कशी करणार?"

ते फार सभ्य माणूस आहेत. कधी आवाज चढवत नाहीत. मी नाव सांगितलं. हातांबद्दलही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. निघताना मला म्हणाले, "हा विश्वास महत्त्वाचा."

घरी सासूबाईंना, सुंदराबाईंना, हे कौतुकाने सांगितलं. हे मुंबईला नोकरीला, तेव्हा संध्याकाळी बोलायला आम्ही दोघीच. त्या पोह्याला फोडणी देत होत्या. "नाव कशाला सांगितलंस गो?" एवढंच म्हणाल्या. त्यांना हल्लीच्या ऑफिसांची पद्धत माहीत नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिला आठवडा. हौदावर जुन्या दहाच बायका. कोंडाजीशेठना विचारलं, रखमा कुठे आहे. ते गेटवर पान खात उभे होते.

"तिला जरा आराम दिला. हात खराब झालेत ना. तुमच्या सायबांनीच सांगितलं, बरे होईपातूर घरी ऱ्हाऊ दे."

म्हणजे सरांनी शब्द पाळला. मला उगाच शंका आली होती. हातमोज्यांचं विचारलं तर म्हणाले, येतील. नवीन बाई आली आहे रखमाच्या जागी, बयाबाई. तिचे हात अजून स्वच्छ आहेत.

गुरुवार, ५ डिसेंबर

सेजल मॅडमचा फोन. उत्कृष्ट कार्यसंस्कृतीच्या एका पुरस्कारासाठी आपल्या प्लांटचं नाव पाठवलं आहे. त्यासाठी सात मिनिटांची फिल्म करायची. त्यांना फोटोतली बाई हवी आहे. "तीच आपली गोष्ट आहे शर्मिलाताई. दरडीतून उभी राहिलेली बाई, आणि तिच्या पाठीशी कंपनी."

मी सांगितलं, ती सध्या आरामावर आहे. मग सरांनी बोलावलं.

"एका दिवसासाठी घेऊन या. तुमचं ऐकेल ती."

"सर, मग तिला कामावर परत..."

"ते कंत्राटदाराचं. आपण त्यात पडत नाही."

"तिला काय सांगू?"

"सांगा की कंपनीला तिची आठवण आहे."

केबिनबाहेर कोंडाजीशेठ बसले होते. मी विचारलं तेव्हा ते मोकळेपणाने हसले. "आराम कसला मॅडम. नाव काढलंय तिचं. चिठ्ठ्या टाकनारी बाई आज हातमोजे मागंल, उद्या आनखी काय मागंल. तुमी नाव दिलंत ते बरं केलंत, नायतर अकराच्या अकरा काढाव्या लागल्या असत्या."

मी जागेवर येऊन बसले. माझ्या टेबलासमोरच आदर-सचोटी-सुरक्षा-आपुलकीचा फलक आहे. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मेथीच्या भाजीला त्या हौदाचा वास येत होता. खरं तर येत नव्हता.

रविवार, ८ डिसेंबर

तळीयेला गेले होते. कंपनीची गाडी होती. रखमाला पुनर्वसनातलं घर मिळालं आहे, एकटीच राहते. ओट्यावर बसून वाल सोलत होती, बोटांनी नाही, मनगटाने दाबून. कातडं आता काळपट झालंय, भेगा पडल्यात. भेगेतून पाणी येतं.

तिने मला बसायला खुर्ची आणली. चहा केला. पेला उचलताना मी कड पदराने पुसली. तिने पाहिलं की नाही, माहीत नाही.

फिल्मचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे परत घेतलं मला?"

मी म्हटलं, "तू मंगळवारी ये तर खरी."

"डबा आनू ना?"

"आण."

गाडीत बसल्यावर ड्रायव्हर म्हणाला, बाई खूश झाली. मी काच खाली केली. घाटाच्या वळणांनी मला कधी त्रास होत नाही, माझा जन्म पोलादपूरचा. आज दोनदा गाडी थांबवायला लावली.

मंगळवार, १० डिसेंबर

सगळं लिहून ठेवते.

सकाळी दहा वाजता भांडारातून हातमोज्यांचं नवं खोकं आलं. निळे, जाड, कोपरापर्यंतचे. अकरा जोड्या, अकरा गमबूट, अकरा चष्मे. भांडाराच्या वहीत मी सही केली. बायकांना घातले. बयाबाई हात वर करून सगळ्यांना दाखवत होती, लग्नात चुडा दाखवतात तसं. हौद धुऊन घेतला होता, त्यात साधं पाणी भरलं होतं.

रखमाला स्वागतकक्षात फोटोखाली उभं केलं. कॅमेरावाला म्हणाला, हात दिसतायत, बरं दिसत नाही. मग हौदावरच्या एकीचे हातमोजे उतरवून तिला घातले. आतून रबर चिकटत होतं, तिने ओठ दाबले. सेजल मॅडमनी तिला वाक्य दिलं: "दरडीने सगळं नेलं, पण कंपनीने मला हात दिला."

पहिल्यांदा ती 'दरडीने' म्हणून थांबली. दुसऱ्यांदा हसू आलं नाही म्हणून परत. तिसऱ्यांदा बाहेर टँकर वाजला. सात वेळा तिने ते वाक्य म्हटलं. आठव्यांदा सेजल मॅडम म्हणाल्या, नवऱ्याचं नाव घेतलंत तर? रखमाने माझ्याकडे पाहिलं. मी रखमाताई, रखमाताई करत तिच्या खांद्यावर हात ठेवला. ताई मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, कारण कॅमेरा चालू होता.

तिने नाव घेतलं. "येसाजी," ती म्हणाली, आणि पुढे बोलली नाही. तेच ठेवलं त्यांनी. सेजल मॅडम रडत होत्या, खरंच रडत होत्या. त्या वाईट नाहीत. त्यांना हौदातलं खरं पाणी कुणी दाखवलं नाही. मीही नाही.

साडेतीनला मॅडमची गाडी गेली. चार वाजता सर म्हणाले, साहित्य जमा करून घ्या, परत लागेल. अकरा बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि मी हातमोजे उतरवून घेतले. रखमाचे उलटे करून काढावे लागले. आतल्या बाजूला तिचं कातडं लागलेलं होतं. ते मी टिश्यूने पुसलं आणि खोक्यात ठेवलं. 'अकरा जोड्या, सुस्थितीत, परत.' खाली माझी सही.

घरी येऊन साबण लावून हात धुतले. मग परत धुतले. सासूबाई म्हणाल्या, "काय लागलंय गो हाताला?" मी म्हटलं, काही नाही.

आज कोणतंही मूल्य लिहीत नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

सकाळी कंपनीची बस गेटात वळली तेव्हा रखमा बाहेर उभी होती. हातात डबा. वॉचमन यादी दाखवून तिला काहीतरी सांगत होता. तिने बस पाहिली, खिडकीत मला पाहिलं, आणि हात वर केला. तिला वाटलं, मॅडम आली, आता आत घेतील.

मी मान खाली घालून पर्स उघडली. पर्समध्ये काही शोधायचं नव्हतं.

साडेअकराला काचेतून बघितलं. गेली होती.

शनिवार, २१ डिसेंबर

पुरस्काराच्या लोकांना कर्मचाऱ्यांच्या मूल्य-वह्या नमुन्यादाखल हव्यात. खाजगी, कुणी वाचणार नाही, ते राहिलंच. वही फक्त मीच लिहिते हे सरांना माहीत आहे. मी म्हटलं, घरी राहिली. सर म्हणाले, सोमवारी आणा.

मग आज एक नवी कोरी वही घेऊन तीन महिने लिहून काढले. एका बैठकीत, तीन रंगांच्या पेनांनी, मधेमधे खाडाखोड करून, म्हणजे खरी वाटेल. 'आज रखमाताईंच्या डोळ्यांतला आत्मविश्वास पाहून माझं मन भरून आलं.' हे वाक्य मी लिहिलं. मला जमतं. रजिस्टरं भरून भरून हात इतका तयार झालाय की खोटं लिहिताना अक्षर जास्त सुंदर येतं.

स्वतःच्या अक्षराची शिसारी येते, असं कुणाला सांगितलं तर हसतील.

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

पुरस्कार मिळाला. दुसऱ्या क्रमांकाचा. पेढे वाटले.

त्याच दुपारी पत्र आलं. रखमा महाडच्या सरकारी दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी हात पाहिले, कामाची चौकशी केली आणि हा आजार कामामुळे झालाय असं लिहून दिलं. तक्रार कशी करायची तेही त्यांनीच सांगितलं. आता कारखाने निरीक्षक चौकशीला येणार.

सरांनी उत्तराचा मसुदा मला टाइप करायला दिला. 'तक्रारदार महिलेस दरमहा सुरक्षा प्रशिक्षण दिले होते (रजिस्टर जोडले आहे, अंगठ्यांसह). तसेच सर्व साधने पुरविली होती (चित्रफीत जोडली आहे).'

चित्रफीत. तिला हातमोजे घातले होते ते एवढ्यासाठी उपयोगाला आले.

टाइप करून दिलं. एक शुद्धलेखनाची चूक होती, तीही सुधारली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

निरीक्षक सोमवारी येणार. रजिस्टरवर प्रशिक्षक म्हणून माझी सही आहे, म्हणून माझा जबाब होईल. सरांनी आज तासभर समजावलं.

"तुम्हाला खोटं बोलायला मी सांगतच नाहीये. एवढंच म्हणायचं, की रजिस्टर तुमच्या ताब्यात असतं आणि सही तुमची आहे. दोन्ही खरंच आहे ना?"

"हो सर."

"मग झालं. सचोटी सुटत नाही. आणि शर्मिला, एप्रिलमध्ये तुमच्या बढतीचं मी बोललोय वर."

ते बोलताना सारखे सॅनिटायझर चोळत होते. त्याचा गोड वास माझ्या घशात बसला, तो घरी येईपर्यंत गेला नाही.

सासूबाईंना आज सगळं सांगितलं. अंगठ्यांचं, नावाचं, तळीयेचं, बसमधलं. त्या विळीवर बसल्या होत्या, चिरायच्या थांबल्या.

"टिश्यू कशाला घेतलास तिचा हात धरताना?"

एवढ्या सगळ्यात त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, किळस आली.

"आम्ही जल्मभर शेणात हात घातले. त्याची नाय कुनाला किळस आली. ज्यानं मानसाचे हात तसे केले, त्याचा चा पितेस तू रोज."

मग म्हणाल्या, "नोकरी गेली तर बगू. माजा ल्योक हाय, मी हाय. भात हाय घरात." आणि परत चिरायला लागल्या.

सोमवार, १० फेब्रुवारी

चौकशी मीटिंगच्या खोलीत झाली. निरीक्षक साहेब वयस्कर, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे. एका बाजूला हर्षद सर, कोंडाजीशेठ आणि मी. समोर रखमा, खुर्चीच्या अगदी कडेला. हात पदरात गुंडाळलेले.

सरांनी आधी फिल्म लावली. अंधार करून. पडद्यावर रखमा निळे हातमोजे घालून म्हणत होती, कंपनीने मला हात दिला. समोर खरी रखमा तीच बघत होती. तिचा चेहरा मी बघू शकले नाही.

दिवे लागल्यावर साहेबांनी रजिस्टर उघडलं. एका पानावर बोट ठेवलं. "हा अंगठा आहे की शाईचा डाग?" मग माझ्याकडे वळले. "ही प्रशिक्षणं तुम्ही घेतलीत?"

मला वाटत होतं, काय बोलायचं ते मी ठरवून आले आहे. तसं नव्हतं. सरांचं वाक्य जिभेवर तयार होतं: सही माझी आहे. ते अर्धं बाहेर आलंही.

"सही माझी आहे साहेब," मी म्हटलं. "प्रशिक्षण एकही झालं नाही. मी सप्टेंबरमध्ये एकाच दिवशी कोऱ्या पानांवर अंगठे घेतले. तारखा नंतर भरल्या."

सर म्हणाले, "शर्मिला जरा दडपणाखाली आहेत, घरी थोडं..."

"त्यांना बोलू द्या."

"हातमोजे सकाळी दहाला दिले आणि चार वाजता परत घेतले. मीच घेतले. भांडाराची वही मागवा, त्यात वेळ लिहिलेली आहे. रखमा तेव्हा कामावरही नव्हती. तिने हातमोजे मागितले म्हणून तिचं नाव काढलं होतं. चिठ्ठी तिची आहे हे मी सांगितलं होतं."

साहेब लिहीत राहिले. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "कोऱ्या पानांवर अंगठे घेताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"किळस वाटली."

"कसली?"

खोटं सांगायला ती जागा फार सोपी होती. खोटेपणाची, म्हणता आलं असतं. कंपनीची, म्हणता आलं असतं.

"तिच्या हाताची," मी म्हटलं.

रखमाने पदरातून हात काढले आणि टेबलावर ठेवले, साहेबांना दिसतील असे. मग तिथून ते तिने शेवटपर्यंत हलवले नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

आज मला काढलं. पत्रातलं वाक्य असं: 'आपण कंपनीच्या सचोटी या मूलभूत मूल्याचा भंग करून, वरिष्ठांच्या संमतीविना, खोटी कागदपत्रे तयार केली.' खाली हर्षद सरांची सही. संमतीविना हा शब्द सोडला तर बाकी वाक्य खरं आहे, म्हणून मी वाद घातला नाही. कागदपत्रं मीच तयार केली होती. बारा वर्षं.

निरीक्षकांचा अहवाल आलाय. साधनं कायम द्यायची, बायकांची दर सहा महिन्यांनी तपासणी, रखमाच्या उपचाराचा भार कंपनीवर. सरांची बदली गुजरातला झाली, म्हणे वरच्या पदावर. सेजल मॅडमचा एक मेसेज आला: 'तुम्ही मला का नाही सांगितलंत?' काय लिहू. उत्तर दिलं नाही.

गेटबाहेर बयाबाई भेटली. हौदावरून डबा खायला आली होती. हातमोजे आता तिच्याचकडे असतात, रात्री घरी नेऊन वाळत घालते म्हणाली. पाण्याने हात भिजत नाहीत, पण उन्हाळ्यात आत घाम फार येतो. मग म्हणाली, "तुमच्यामुळं झालं म्हनतात मॅडम." मी म्हटलं, रखमामुळे. तिला रखमा नीट आठवेना, फिल्मच्या दिवशी एकदाच पाहिलेली. ती आली तेव्हा रखमा गेलेली होती.

रविवार, ९ मार्च

तळीयेला गेले. या वेळी एसटीने आणि पुढे चालत. दोनदा परत फिरावंसं वाटलं.

रखमा दारातच होती. मलमाने हात चकचकीत, जरा भरून आलेत. डॉक्टरबाईंनी पाण्यात घालायचे नाहीत असं सांगितलंय. खुर्ची आणली नाही तिने. मी ओट्यावर बसले.

मी म्हटलं, "त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझ्या हातांचं बोलले, ते..."

"ते मला तवाच कळलं व्हतं. कागदानं धरलंस ना बोट. पेला पन पुसलास माज्या घरात." ती रागाने नाही, सांगावं तसं सांगत होती. "किळस येते मानसाला. माजी मला पन यायची. भाकरी खाववत नव्हती सोताच्या हाताची."

पलीकडच्या एका घरात कुणीतरी मिरच्या भाजत होतं, दोघींना ठसका लागला.

"एक सांग," ती म्हणाली. "मला बोलवाया आलीस तवा तुला ठाव व्हतं का, एका दिवसाचं काम हाय म्हनून?"

निरीक्षकांनी हे विचारलं नव्हतं. कुणाच्याच कागदावर हा प्रश्न नव्हता. वाटेत चालताना याचं उत्तर मी चार तऱ्हांनी तयार केलं होतं: सरांनी नीट सांगितलं नाही, मला वाटलं कदाचित घेतील, मी बोलणार होते.

"ठाऊक होतं," मी म्हटलं.

"मंग मी डबा आनू का इचारलं तवा?"

"तेव्हाही."

तिने मान हलवली. क्षमा वगैरे तिने काही केली नाही आणि मी मागितली नाही. उठून ती आत गेली. मला वाटलं, आता निघावं. चप्पल घातली तेवढ्यात आतून हाक आली.

"जातेस कुठं? चूल पेटलीय. मला भाकरी करून देनारी शेजारीन आज महाडला गेलीय, सकाळपासून मी उपाशी हाय."

आत परातीत तांदळाचं पीठ काढून ठेवलं होतं, बाजूला गरम पाणी. मी हात धुतले, बसले, पाणी घालून मळायला घेतलं. ती भिंतीला टेकून बघत होती. पीठ सैल झालं, परत कोरडं घातलं. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली.

"नीट थाप गो," रखमा म्हणाली. "तुजे हात तर चांगले हायत."